दोनदा नको

आर्डिस ब्रेक्केला काउंटीच्या शेती कार्यालयात एकोणतीस वर्षं झाली होती, आणि या एकोणतीस वर्षांत पहिल्या फटक्यात कुणाचा होकार तिनं ऐकला नव्हता. त्यात तिचं काही चुकत नव्हतं. विस्कॉन्सिनच्या पश्चिमेकडच्या त्या दऱ्यांमध्ये राहतात ती सगळी नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं, आणि त्यांच्यात पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणं म्हणजे निव्वळ हावरटपणा. कॉफी विचारली की आधी म्हणायचं, "छे छे, नको, त्रास कशाला." दुसऱ्यांदा विचारली की, "आत्ताच घेऊन आलो." तिसऱ्यांदा विचारली की मग सुस्कारा सोडून, यजमानावर उपकार केल्यासारखं, "बरं, अर्धाच कप." आणि मग तीन कप पिऊन, वर दोन वड्या खाऊन उठायचं. ज्यानं दोनदाच विचारून किटली खाली ठेवली तो माणूस एक तर परगावचा, नाही तर रागावलेला.

आर्डिस त्याच मातीतली. त्यामुळे मार्जिनच्या विम्याचं काम तिच्या टेबलावर आलं तेव्हा तिनं आपली पद्धत ठरवून टाकली. प्रत्येक गोठेवाल्याला तीनदा विचारायचं. नोव्हेंबरात एकदा, डिसेंबर लागल्यावर एकदा आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात एकदा. तिसऱ्या खेपेला लोक कुरकुरत का होईना, टोपी हातात घेऊन कार्यालयात यायचे आणि सही ठोकून जायचे.

विमा समजायला अवघड नव्हता. दुधाला भाव काय मिळतो आणि गाईच्या पोटात किती जातं, या दोन्हींच्या मध्ये जे उरतं ते मार्जिन. देशभरची सरासरी धरायची. ते ठरलेल्या रेषेच्या खाली घसरलं की घसरेल तेवढं सरकार भरून देणार. गोम एवढीच, की सही आदल्या डिसेंबरात करायची, पुढचं वर्ष कसं जाणार ते कुणाच्या बापाला ठाऊक नसताना. ठाऊक झाल्यावर मग कितीही गयावया करा, कागद बंद.

आता या बाबतीत गोठेवाल्यांचा एक जुना रोग. भाव पडलेला असला की त्यांना विमा आठवतो आणि भाव वर असला की हप्ता डोळ्यांत खुपतो. दोन हजार एकोणीसच्या शेवटी भाव चांगलाच वर होता. पाच वर्षांत पाहिला नव्हता असा भाव. त्यामुळे त्या वर्षी निम्मे लोक म्हणायला लागले, या खेपेस राहू द्या.

आर्डिसचा नवा साहेब डेरेक दक्षिणेकडून आलेला, वय चौतीस, स्वभावानं सरळ. त्यानं तिची ती तीन खुणांची यादी पाहिली आणि डोकं खाजवलं.

"आर्डिस, इथं दोनदा 'नाही' लिहिलंय. मग तिसरा चौकोन कशाला?"

"तिसऱ्यांदा विचारायला."

"पण माणूस नाही म्हणाला ना? आपण समजावून सांगायचं, पटवायचं नाही. नियम आहे. उद्या हप्ता वाया गेला तर म्हणतील, त्या बाईनं गळ्यात मारला."

"डेरेक, तुला इथं आल्यापासून कुणी कॉफी पाजली का रे?"

"विचारतात सगळे. मी पहिल्यांदाच हो म्हणतो."

"तरीच," आर्डिस म्हणाली आणि यादी ड्रॉवरमध्ये टाकली.

यादीत एकशे अकरा नावं होती. त्यातल्या एकशे दहांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एकशे अकरावं नाव होतं सेल्मर हाउगेन, आणि ते शेवटी असायचं कारण त्याच्याकडे फोन करून भागत नसे. स्वतः जावं लागे, तेही संध्याकाळी पाचनंतर, धारेच्या वेळी. धार काढताना माणूस पळून जाऊ शकत नाही.

सेल्मर बहात्तरचा. चव्वेचाळीस गायी, लग्न नाही. तो आणि त्याचा मोठा भाऊ ओडेल, दोघांनी मिळून तो गोठा पन्नास वर्षं चालवला. हो म्हणायचं काम ओडेलचं आणि नाही म्हणायचं सेल्मरचं, अशी त्यांची वाटणी. दलाल आला, पाद्री आला, कार्यालयाचा कागद आला, की सेल्मर आधी पाच मिनिटं नाही म्हणायचा आणि मग ओडेल पेन मागायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी ओडेल गेला. घरातली दुसरी खुर्ची, दुसरा कप, दुसरी गमबुटांची जोडी, सगळं जिथल्या तिथं राहिलं. हो म्हणणारा तेवढा राहिला नाही.

नोव्हेंबरात आर्डिस गेली तेव्हा गोठ्यात रेडिओवर पोल्का नाचाची धून लागलेली, पंप धडधडत होता आणि सेल्मर दोन गायींच्या मध्ये वाकून सड पुसत होता.

"आलीस? मला वाटलं सरकारनं तुला निवृत्त केलं."

"करतील, तुमची सही झाली की."

सेल्मरनं हातातल्या फडक्यानं भिंतीकडे खूण केली. वासरांच्या कप्प्यावर एक पिवळा पडलेला चेक खिळ्यानं ठोकलेला होता. या विम्याच्या आधी असाच एक जुना विमा होता. त्याचे हप्ते भावांनी चार वर्षं भरले आणि त्याबद्दल चार वर्षांत एकदाच चेक आला. सदतीस डॉलरांचा. ओडेल म्हणाला बँकेत टाकू, सेल्मर म्हणाला वासरांना वाचायला ठेवू.

"तो जुना विमा होता, सेल्मर. हा वेगळा आहे. गेल्या वर्षी यानं सगळ्यांना हप्त्याच्या कितीतरी पट परत दिलं."

"गेल्या वर्षी भाव मेला होता. यंदा जिवंत आहे."

"यंदा तुमचा लसूणघास बर्फानं मेलाय. वैरण विकत घेताय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कसंबसं पुरेल. मध्ये दोन महिने भाव पडला तर?"

"पडू दे की. नको मला."

झालं एकदा. आर्डिसनं मनातल्या मनात पहिल्या चौकोनात खूण केली आणि खुशीत घरी गेली. त्या रात्री नवऱ्याला, लायलला, म्हणालीसुद्धा, "सेल्मर यंदा ताळ्यावर आहे, शिवी दिली नाही."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा गेली. त्या दिवशी सेल्मरचं सगळंच बिघडलेलं. एका गाईची कास सुजलेली, पाण्याचा नळ गोठलेला. शिवाय ती तारीख ओडेलच्या वाढदिवसाची होती, जे आर्डिसला ठाऊक नव्हतं आणि सेल्मर सांगणाऱ्यातला नव्हता. तिनं कागद काढला तसा तो ताठ उभा राहिला.

"नको सांगितलं ना एकदा."

"ओडेल असते तर..."

"ओडेलचं नाव काढू नकोस. सरकारच्या पैशाचं तुमच्या घराला कौतुक. तुझ्या बापानं घेतले ना, गायी विकून गोठा बंद करायचे? आम्हालाही विचारलं होतं तेव्हा. ओडेल नाही म्हणाला. आयुष्यात एवढं एकदाच तो नाही म्हणाला."

पंप धडधडत राहिला. आर्डिसनं कागदाची घडी केली, फाईलमध्ये ठेवली आणि बाहेर आली.

तिचा बाप, अल्विन. ती पंचवीस वर्षांची होती तेव्हा देशात दूध फार झालं म्हणून सरकारनं पैसे देऊन गोठे रिकामे करवले. अल्विनच्या गुडघ्यांनी तेव्हाच राम म्हटला होता आणि मुलगा नव्हता. त्यानं सही केली. त्यानंतर अकरा वर्षं तो जगला आणि अकरा वर्षं रोज पहाटे साडेचारला उठून, गमबूट घालून स्वयंपाकघरात बसून राहिला. गोठ्याकडे तोंड करून नव्हे, पाठ करून. आर्डिसनं हे कार्यालय धरलं ते त्या पाठीसाठी. दुसऱ्या कुणाच्या घरात अशी पाठ दिसू नये एवढंच तिला हवं होतं. आणि हा म्हातारा तिला त्याच बापावरून बोलला.

मुदत तेरा डिसेंबरची होती. त्या आठवड्यात तिनं सगळीकडे तिसरे फोन केले, एकाकडे सोडून. तेराला दुपारी वॉशिंग्टनहून निरोप आला की लोक फार कमी आलेत, आणखी एक आठवडा वाढवून दिला आहे. वीस तारखेपर्यंत. आर्डिसनं पुन्हा यादी काढली. उरलेल्या एकोणीस जणांना तिनं कळवलं, मुदत वाढली हो, या. अठरा जणांना कळवलं, खरं म्हणजे.

एकोणिसाव्या नावापाशी तिचं बोट थांबलं. दोन खुणा, तिसरा चौकोन रिकामा. तिला ते वाक्य पुन्हा जसंच्या तसं ऐकू आलं. ती स्वतःशी म्हणाली, म्हातारा काही कुकुलं बाळ नाही. दोनदा नाही म्हणालाय. समजावून सांगायचं, पटवायचं नाही. नियम आहे.

एकोणतीस वर्षांत तिला तो नियम पहिल्यांदाच इतका पटला.

वीस तारीख गेली. नाताळात चर्चच्या जेवणात सेल्मर दिसला. लेफ्साच्या, म्हणजे बटाट्याच्या पोळ्यांच्या, ताटाशी उभा होता, नुकतीच दाढी केलेली. त्यानं मान हलवली, तिनं मान हलवली. दोघांनी बर्फाबद्दल दोन वाक्यं टाकली आणि पांगले.

मग मार्च आला आणि जगाला ते दुखणं लागलं. शाळा बंद, हॉटेलं बंद, चीजचे कारखाने अर्ध्यावर. मुलांचं दूध आणि पिझ्झ्याचं चीज एका आठवड्यात थांबलं. गायींना मात्र कुणी कळवलं नव्हतं. एप्रिलात काही गोठ्यांवर दुधाच्या टँकरऐवजी निरोप आला, आजचं दूध ओतून द्या. सेल्मरनं दोन दिवसांचं दूध शेणाच्या खड्ड्यात सोडलं. शेजारचे सांगत होते, नळ उघडून तो पाठ फिरवून उभा राहिला म्हणून.

आर्डिस घरच्या टेबलावरून काम करत होती, कार्यालय लोकांना बंद होतं. एप्रिलचं मार्जिन कोसळलं. मे त्याहून खाली. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांचे फोन यायला लागले, रक्कम कधी येणार. ती म्हणायची, जूनमध्ये. आणि फोनच्या पलीकडे माणूस श्वास सोडायचा. ती रक्कम काही कुणाला बंगले बांधून देणारी नव्हती. पण जूनमध्ये येणारच आहे म्हटलं की वैरणवाला थांबतो, माणूस कळ काढतो. दोन महिने. कळ काढायची ती एवढीच होती.

"सेल्मरचं काय गं?" एकदा लायलनं जेवताना विचारलं.

"त्यांनी नको म्हटलं होतं," आर्डिस म्हणाली, आणि ताट उचलून मोरीकडे गेली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सेल्मरनं गायी विकल्या. बाजारही पडलेला, त्यामुळे मिळेल त्या भावात. दोन ट्रक आले, चव्वेचाळीस गायी चढल्या. आणि पुढच्या तीन आठवड्यांत, चेष्टा करावी तसा, दुधाचा भाव उसळून डिसेंबरच्याही वर गेला.

गोठा बंद झाला की कार्यालयाला एक कागद लागतो. टपालानं पाठवला तरी चालतो. डेरेक फोनवर म्हणाला, "टपालानं पाठवा, आर्डिस. सध्या कुणाच्या घरी जायचं नाही."

"दारातच उभी राहीन. सहा फुटांवर."

"नियम..."

"डेरेक, तुझा नियम मी एकदा पाळलाय. आता पुरे."

ती गेली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सेल्मर मागच्या पायरीवर बसला होता. स्वच्छ शर्ट, आणि पायांत गमबूट. गोठ्याकडे त्याची पाठ होती. आर्डिसनं ते पाहिलं. पंप बंद, रेडिओ बंद. ती आवाराच्या मधोमध, दुधाचा जुना डबा उलटा ठेवला होता तिथपर्यंत आली आणि थांबली.

"कागद आणलाय."

"ठेव त्या डब्यावर. सही करतो." तिनं कागद ठेवला आणि ती मागे सरली. त्यानं उठून येऊन सही केली, पुन्हा मागे जाऊन बसला. "भाव वर गेला म्हणे."

"हो."

"बरं झालं. लोकांचं भलं झालं."

त्यात खोच नव्हती. असती तर तिला सोपं गेलं असतं.

"कॉफी घेणार?" त्यानं विचारलं.

"नको नको. त्रास कशाला."

तो गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाला, "तुझ्या बापाबद्दल बोललो ते वाईट बोललो. त्या दिवशी ओडेलचा वाढदिवस होता. पण ते काही कारण नाही. अल्विन भला माणूस होता. आमच्या गोठ्याला आग लागली तेव्हा पहिला पोचला होता तो."

आर्डिसनं मान हलवली.

"मुदत वाढली ते रेडिओवर ऐकलं मी," सेल्मर म्हणाला. "म्हटलं, आता येईल ही. त्या आठवड्यात रोज पाचच्या आधी मी ओडेलचा कप धुऊन ठेवायचो. म्हटलं, येईल तेव्हा आधी माफी मागायची आणि मग सही करायची. हप्त्याचे पैसेसुद्धा पाकिटात घालून ठेवले होते."

"तुम्ही कार्यालयात का नाही आलात, सेल्मर? फोन तरी करायचा!"

"दोनदा नको म्हटल्यावर?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "आपणहून? न वाढता ताटात हात घालायचा का माणसानं?"

तिला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर ती हसलीच असती.

"तू दोनदाच विचारलंस, आर्डिस."

"हो," ती म्हणाली. "मला राग आला होता. यादीतल्या सगळ्यांना कळवलं, तुम्हाला नाही. नियम म्हणून नव्हे. राग आला म्हणून. साहेबाला, लायलला, सगळ्यांना मी नियमाचं सांगितलं. स्वतःलाही सांगितलं. मला माफ करा. मी तिसऱ्यांदा यायला हवं होतं."

सेल्मर उठून आत गेला. आर्डिसला वाटलं, आता दार लागेल, आणि लागलं तर ते बरोबरच होतं. आतून भांड्यांचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात किटली होती आणि दुसऱ्यात दोन कप, एक त्याचा आणि एक निळ्या काठाचा, ओडेलचा.

"कॉफी घेणार?"

"आत्ताच..." तिनं नुसतीच मान हलवली, नको म्हणून.

त्यानं किटली खाली ठेवली नाही. कितीतरी वेळ तसाच धरून उभा राहिला. वाफ वर जात होती. मग तो उलट्या डब्यापर्यंत आला, निळ्या काठाचा कप त्यावर ठेवला, सहा पावलं मोजून मागे सरला आणि तिच्याकडे बघून म्हणाला,

"आर्डिस, मी तिसऱ्यांदा विचारतोय. कॉफी घेणार?"

"हो," ती म्हणाली.

त्यानं पुढे येऊन कप काठोकाठ भरला. अर्धाच, असं म्हणायचं तिला सुचलं नाही.